तलवारी जमवणाऱ्या नवख्यास सल्ला

शस्त्रांवरील निर्बंध कडक होणार अशी चर्चा सुरू होताच संग्रह माळ्यावर दडवणे किंवा घाईने विकणे, या दोन्ही चुका टाळा. शस्त्र अधिनियम, 1959 आणि 2016 चे नियम मूळ मजकुरातून वाचा. घरगुती वा शेतीकामाचे नसलेले, 9 इंचांहून लांब पात्याचे हत्यार या नियमांच्या कक्षेत येते, हा तपशील पुष्कळांना पोलीस ठाण्यातच प्रथम कळतो.

शिवाजी पेठेतल्या तालमींत मर्दानी खेळ जिवंत असल्याने कोल्हापुरात तलवारीचे कुणाला नवल नाही, परंतु मनाई आदेश लागू असताना ती घेऊन रस्त्यावर उतरणे हा गुन्हाच ठरतो. प्रत्येक तलवारीची मूठ, परज (मुठीवरचा हात राखणारा भाग), पात्यावरील गंज यांची छायाचित्रे आणि खरेदीची पावती जपा. नव्या निर्बंधांचा मसुदा जाहीर झालाच, तर शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंना पुरावशेष मानणाऱ्या 1972 च्या कायद्याचा आधार घेऊन मुदतीत लेखी हरकत नोंदवा.