५ वर्षांच्या मुलीची जुनी बद्धकोष्ठता: कोल्हापुरातच इलाज होईल की पुण्याला न्यावं?

ताई, दोन वर्षांत तीन डॉक्टर झाले, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या धाकट्याचंही हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो पडद्यामागे जाऊन चवड्यांवर उभा राहायचा, पाय आवळून, चेहरा लालबुंद. आम्हाला वाटायचं, बिचारा कुंथतोय. खरं तर तो शी दाबून धरत होता. एकदा कडक खड्यानं चीर पडली की मूल घाबरतं, धरून ठेवतं, आणि आत राहिलेली शी आणखी वाळते. पुढं चड्डीला पातळ डाग पडायला लागले. एका डॉक्टरांनी ते जुलाब समजून थांबवायचं औषध दिलं! आत साचलेल्या गोळ्याच्या कडेनं ते पाझरत होतं. दुसऱ्यांनी दर वेळी आठवड्याचं सिरप लिहून दिलं. बाटली संपली की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

इलाज शेवटी इथंच, राजारामपुरीतल्या एका बालरोगतज्ज्ञांकडे झाला. त्यांनी आधी पोट चाचपलं, वजन केलं आणि वजनाप्रमाणे पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली. साचलेलं सगळं निघेपर्यंत काही दिवस मोठा डोस, मग रोज लहान डोस, तोही कित्येक महिने. सवय लागेल म्हणून मी घाबरले होते. पण ही पावडर शीमध्ये पाणी धरून ठेवते, एवढंच तिचं काम. ताणून सैल पडलेलं आतडं पूर्ववत व्हायला वेळ लागतो. घाईनं औषध बंद करणं हीच आधीच्या दोन वर्षांतली आमची चूक.

म्हणून शहर बदलण्याआधी तिच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: आत साठा आहे का, तो आधी पूर्ण काढणार का, आणि नंतर औषध किती महिने? उत्तर चार दिवसांचं मिळालं, तर दुसरे बालरोगतज्ज्ञ बघा. सीपीआरमध्येही, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, बालरोग विभाग आहे.

घरी एक मोठा बदल केला तो दुधात. सासरे गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पिऊन वाढलेले, नातवाला दिवसाला चार पेले द्यायचे. दोनवर आणले, तेव्हा कुठं त्याला भाकरी-भाजीची भूक लागली. रोज जेवणानंतर ५ ते १० मिनिटं संडासला बसवायचो. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या, आणि झाली नाही तरी रागावू नका.

पण जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नसेल, किंवा पहिल्या महिन्यापासूनच त्रास असेल, वजन वाढत नसेल, पायात जोर नसेल, माकडहाडापाशी खळगा किंवा केसांचा झुपका असेल, तर मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा आणि पुणे गाठा. हिरवी उलटी झाली किंवा पोट फुगून टणक झालं, तर मात्र पुण्याची वाट न बघता इथलंच जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा, त्याच दिवशी.

कुठंही जा, आज एक वही करा: शी कधी झाली, खडे की मऊ, डाग पडला का, कुठलं औषध किती दिवस दिलं. आमच्या डॉक्टरांनी आधी तीच वाचली.