पाच वर्षांच्या मुलीला व्हायवॅक्स (मलेरियाचा एक प्रकार) झालाय, सीआरपी (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) खूप वाढलंय. दाह कमी करायला स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यावं का?

नाही. मलेरियात सीआरपी वाढणारच. परजीवी तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतो तेव्हा त्याची घाण रक्तात सांडते. पांढऱ्या पेशी ती गिळतात आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं सोडतात. हुडहुडी, ताप, यकृतातून येणारं सीआरपी, सगळं त्यातूनच.

मी नाशिकला लॅबमध्ये स्लाइडी बघते. माझा भाचा पेठ तालुक्यातला. ऐन श्रावणात तो तापाने फणफणला तेव्हा दाजींनी गावातच 'कडक' इंजेक्शन मारून आणलं. स्टेरॉइडच, चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. ताप उतरला, दुसऱ्या दिवशी पोरगं अंगणात खेळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. ताई त्याला घेऊन तशीच नाशिकला आली. स्लाइड मीच रंगवली. फुगलेल्या तांबड्या पेशींत व्हायवॅक्सच्या रिंगा, आणि एका मोनोसाइटच्या (एक पांढरी पेशी) पोटात तपकिरी-सोनेरी कण. परजीवी हिमोग्लोबिन खातो, त्याचा उरलेला गाळ म्हणजे हे हिमोझोइन. दाजींना मी मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. तरी आजही चारचौघांत म्हणतात, "पहिल्या सुईनेच फरक पडला होता."

अहो दाजी, व्हायवॅक्सने धरलेल्या पेशी साधारण ४८ तासांनी फुटतात. ताप दिवसाआड येतो, मधला दिवस बरा जातोच. त्याचं श्रेय सुईला कशाला?

दाह दाबून मलेरिया आवरतो का, हे मोठ्या संशोधकांनी तपासून झालंय. १९८२ सालच्या थायलंडमधल्या अभ्यासात मेंदूच्या मलेरियाचे रुग्ण डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे उलट जास्त वेळ बेशुद्ध राहिले. गॅम्बियात अशाच मुलांना टीएनएफ अडवणारी अँटिबॉडी दिली. मृत्यू कमी झाले नाहीत, आणि वाचलेल्यांत मेंदूला इजा राहिलेली मुलं जास्त निघाली.

परजीवी मारा, सीआरपी आपसूक उतरेल. जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम; ते कमी असेल तर ही गोळी त्या पेशी फोडू शकते) तपासून प्रायमाक्विन, म्हणजे यकृतातला परजीवी मारणारी गोळी, सुरू झालं की १४ दिवस पुरे करा. "आता बराय की तो" म्हणत दाजींनी गोळ्या मधेच बंद करायला घेतल्या होत्या, ताईने ऐकलं नाही म्हणून निभावलं. यकृतात दडलेला व्हायवॅक्स महिन्यांनीसुद्धा उठतो.

मी डॉक्टर नाही. सोबत दुसरा संसर्ग असूही शकतो, म्हणून औषध चालू असूनही सीआरपी चढतच राहिलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मुलगी गुंगीत जायला लागली, झटके आले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर रात्र काढू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.