अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या अंतावर मराठीत गाणं लिहितोय. ‘शृंखला’शी यमक कसं जुळवू? पोवाडा बरा की समूहगीत?

‘शृंखला’ वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. या एका शब्दापायी माझं एका गृहस्थांशी गेली काही वर्षं धड बोलणं नाही. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, आणि थोडं तिरकंही होईल.

मी मूळची फलटणकडची. गेली वीस वर्षं ह्यूस्टनला लागून असलेल्या शुगर लँडमध्ये राहते. आमचा दहा-बारा जणांचा गाण्याचा गट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी दिवाणखान्यात पेटी-तबला निघतो, मग मसालेभात. गटात एक ज्येष्ठ आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. गळा अजून सुरेल, चाली झकास बांधतात, आणि आपल्यालाच सगळं कळतं याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही.

२०२१ मध्ये जूनटीन्थची, म्हणजे गुलामीतून सुटकेच्या १९ जूनच्या सणाची, देशभर सुट्टी जाहीर झाली. पुढच्या वर्षी माझ्या शेजारणीनं विचारलं, आमच्या चर्चच्या अंगणात छोटा कार्यक्रम आहे, तुमच्या भाषेतलं एखादं गाणं म्हणाल का? बाई सत्तरीच्या, काळ्या, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. काकांनी दोन दिवसांत गाणं आणलं. भूप रागात. ‘तुटल्या शृंखला दास्याच्या, उगवली प्रभात मंगल.’ पुढे लिंकन, पुढे पक्षी, पुढे तेजाचे सडे.

तालमीला शेजारीण आली होती. मी तिला ओळीओळीचा अर्थ सांगत होते. ऐकून म्हणाली, चाल फार गोड आहे, पण बेड्या तोडल्या कुणी ते यात कुठे आलंय?

काका म्हणाले, लिंकननी.

ती हसली, आणलेल्या लाल सरबताची बाटली पुढे केली आणि विषय बदलला. तिथे लाल सरबत या सणाला लागतंच, आपल्याकडे संक्रांतीला तिळगूळ लागतो तसं.

मला रात्री झोप नाही. तिनं काकांच्या गाण्यातलं क्रियापद बरोबर पकडलं होतं, तेही मराठीचा गंध नसताना. ‘तुटल्या’! आपल्याकडे तुटणं वेगळं आणि तोडणं वेगळं. कप फुटला म्हणतो तेव्हा फोडणारा माणूस वाक्यातून पळालेला असतो. बेड्या तुटल्या, पहाट झाली, अंधार सरला. सगळं आपोआप. आता खरं काय झालं ते बघा. गुलामी संपली ती अमेरिकेतल्या यादवी युद्धात, उत्तर विरुद्ध दक्षिण. त्या युद्धात उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,७९,००० काळे सैनिक होते, नौदलातले वेगळे, आणि त्यांतले कितीतरी मळ्यांवरून पळून आलेले होते. त्यांना ‘तुटल्या’ ऐकवणार? म्हणून तुम्हाला पहिला सल्ला: यमक राहू द्या, आधी गाण्यातली क्रियापदं तपासा. संपली, सरली, उगवली, फुलली दिसलं की खोडा.

आणि लिंकन. जूनटीन्थच्या गाण्यात लिंकन घालायचाच असेल तर मेलेला घालावा लागेल. त्याचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. तो गेला एप्रिल १८६५ मध्ये. टेक्सासात गॅल्व्हेस्टन बंदरावर उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल ग्रेंजरचा सुटकेचा हुकूम निघाला १९ जून १८६५ ला, जाहीरनाम्यानंतर जवळजवळ अडीच वर्षांनी. टेक्सासात तेव्हा अडीच लाखांच्या आसपास माणसं गुलामीत होती. अडीच वर्षं म्हणजे दोन सुगी आणि वर. कायद्यानं मोकळ्या असलेल्या माणसांनी त्या सुगीत फुकट कापूस वेचला. गाणं इथे आहे. पहाटेत नाही.

मी तो हुकूम शोधून वाचला. चार-पाचच वाक्यं. पहिल्यात सांगितलंय की सगळे गुलाम मुक्त आहेत, आणि पुढे येतं की मोकळ्या झालेल्यांनी आहात त्याच घरी शांतपणे राहावं आणि मजुरीवर काम करावं, लष्करी ठाण्यांपाशी गोळा होऊ देणार नाही, आळशीपणाला कुणी पोसणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसांना सुटकेच्या कागदातच ‘आळशी राहू नका’! मी उठून वहीत लिहिलं:

आहात तिथंच राहा, म्हणाले, आहात तिथंच राहा,
मोकळे झालात! आता मुकाट मजुरी करून पाहा.

हे झालं धृपद. सरकारी कागदानंच दिलं, मी फक्त चालीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी काकांना ऐकवलं. म्हणाले, “अगं, हे काय रडगाणं? उत्सवाचं गाणं पाहिजे. लोकांना उभारी वाटली पाहिजे.” उत्सव मलाही हवाच होता हो. १८७२ मध्ये ह्यूस्टनच्या काळ्या लोकांनी पैसे जमवून दहा एकर जमीन घेतली, कशासाठी, तर हाच सण साजरा करायला हक्काची जागा असावी म्हणून. ती बाग अजून आहे, इमॅन्सिपेशन पार्क. सुटून सात वर्षं झालेली माणसं वर्गणी काढून जमीन घेतात, यात उभारी नाही? पण काकांना उभारी ‘तेजाच्या सड्यात’ दिसते, पावतीपुस्तकात दिसत नाही.

खरं भांडण पुढे झालं, उसावरून.

माझ्या एका कडव्यात फड होता, मोळी होती, पाचट होतं. काका म्हणाले, “हे तुझं फलटण झालं. अमेरिकन गुलाम कापसात होता. तू त्याला उसाच्या फडात कशाला नेतेस?” सगळे हसले. मी म्हटलं, “काका, तुम्ही राहता त्या गावाचं नाव काय?”

शुगर लँड. तिथे ऊस होता, साखर कारखाना होता, ब्राझोस नदीच्या काठानं मळे होते. गुलामी संपवणारी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये मंजूर झाली, तिच्यात एक अपवाद ठेवलाय: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम चालेल. मग भटकत होता, किरकोळ चोरी केली अशा कारणांनी माणसं धरायची, आणि राज्यानं ते कैदी ऊसमळेवाल्यांना भाड्यानं द्यायचे. मळा तोच, ऊस तोच. पुष्कळदा माणसंही तीच, नाहीतर त्यांची पोरं. टेक्सासात हे १९१० च्या पुढेपर्यंत चाललं. रेजिनाल्ड मूर म्हणून एक गृहस्थ होते, आधी तुरुंगात रक्षक होते, ते वर्षानुवर्षं सांगत होते की इथे त्या कैद्यांच्या कबरी असणार. २०१८ मध्ये शाळेच्या बांधकामासाठी खोदताना ९५ जणांचे सांगाडे निघाले. आमच्या घरापासून गाडीनं काही मिनिटांवर. काका बातम्या बघतात, पण त्यांच्या गाण्यात गुलामगिरी १८६५ लाच ‘सरली’ होती.

तेव्हापासून आमचं नमस्कारापुरतं आहे.

आता तुमच्या पोवाड्याचं. माझं मत विचाराल तर नको. पोवाड्याला नायक लागतो, आणि नायक शोधायला गेलात की घोड्यावरचा जनरल नाहीतर लिंकन हाती लागणार. समूहगीत म्हणजे काकांचा प्रांत. मी ओवी घेतली, जात्यावरची. माझी आजी पहाटे दळताना म्हणायची. ओवीत बाई स्वतःचं सांगते, एकटीनं, हात चालू असताना. शिवाय जात्याचा फेरा आणि श्वास यांचं जे गणित ओवीत असतं, तेच तिकडच्या कामाच्या गाण्यांत आहे: एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची, मध्ये कुऱ्हाडीचा घाव. १९३३ मध्ये लोकगीतं गोळा करत फिरणाऱ्या लोमॅक्स बापलेकांनी टेक्सासच्या तुरुंगांत, आमच्या शुगर लँडच्या शेतीतुरुंगातसुद्धा, ही गाणी ध्वनिमुद्रित केली. शब्द कळले नाहीत तरी ऐका. घाव कुठे पडतो ते मोजा. मग तुमच्या ओळीची लांबी आपसूक ठरेल, मात्रा बोटांवर मोजत बसायला नको.

ओवीला मजकूर मिळाला जाहिरातींतून. युद्धानंतर सुटलेली माणसं वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन आपली माणसं शोधत होती. न्यू ऑर्लिन्सच्या ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट’मध्ये तर १८७९ पासून ‘लॉस्ट फ्रेंड्स’ असं सदरच होतं. वर्गणीदारांना फुकट, बाकीच्यांना पन्नास सेंट, आणि पाद्र्यांना विनंती की या जाहिराती चर्चमध्ये वाचून दाखवा. एकेका जाहिरातीत मालकांची नावं ओळीनं येतात: आधी अमक्याकडे होतो, मग तमक्याला विकलं, आईला शेवटचं अमुक ठिकाणी पाहिलं. सुटकेनंतर वीस-वीस वर्षांनी माणसं आई शोधताहेत. मी त्या वाचल्या आणि लिहिलं:

पन्नास सेंट घ्या हो दादा, छापा माझ्या आईचं नाव,
विकली तिला तवा मी लहान, ठाऊक नाही तिचं गाव.

धनी बदलला, आडनाव बदललं, कशी ओळखशील मला,
डाव्या कानामागं तीळ गं आई, तोच खुणेला राहिला.

तीळ माझ्या कल्पनेतला आहे. बाकीचं त्या जाहिरातींसारखंच.

शब्दांचं म्हणाल तर ‘शृंखला’, ‘दास्य’, ‘पारतंत्र्य’ हे आपल्या स्वातंत्र्यलढ्यातल्या गीतांनी वापरून गुळगुळीत केलेले शब्द. पारतंत्र्य देशाला असतं. गुलाम माणूस असतो, त्याला पाठ असते, पायात साखळदंड असतो. ‘साखळदंड’ म्हणा, जीभच जड होते. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द ओळीच्या शेवटी तर अजिबात टाकू नका, त्या ‘त्र्य’वर गाणारा लटकतो. ‘सुटलो’ घ्या, ‘मोकळी’ घ्या. शेवटचा स्वर हवा तेवढा ताणता येतो. आणि ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द वर्तमानपत्रात ठीक, गाण्यात ‘काळा’च. ते लोक स्वतःला ब्लॅक अभिमानानं म्हणवतात. आपल्याकडे ‘काळी’ ही शिवी झाली तो आपला दोष. आपल्याकडची भीमगीतं ऐका म्हणजे कळेल मी काय म्हणते. तिथे सुटका झालेल्यांनीच गाणी लिहिली, म्हणून त्यांत पाणी आहे, भाकरी आहे, सही आहे. तेजाचे सडे फारसे नाहीत.

‘आपला काय संबंध’ असं तुम्हालाही कुणी विचारेल. आमच्या गटात एकीनं विचारलंच. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ काढलं ते अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या सज्जनांना अर्पण करून, हे सांगा आणि पुढे चला. मी मात्र एक पुस्ती जोडली, काकांना उद्देशूनच. फुल्यांनी सोडवणाऱ्यांचे आभार मानले ते आपल्याकडच्या लोकांना लाज वाटावी म्हणून. आपण दीडशे वर्षांनी तेच आभार गात बसलो तर ती आरती होते.

आता माझ्या चुका. काका एका ठिकाणी बरोबर होते. पहिल्या खर्ड्यात मी त्या मुलीला आईच्या पदराला धरून उभी केली होती. काका म्हणाले, “व्हर्जिनियात कुठला गं पदर?” मी रागानं उठून गेले, घरी येऊन पदर काढला, हात घातला. त्यांना अजून सांगितलेलं नाही. उसाचंही जपून घ्या. आमच्याकडे ऊसतोड कामगार उचल घेऊन मुकादमाच्या टोळीत अडकतात, हाल कुत्रा खात नाही, पण ती गुलामगिरी आणि ही एकच असं म्हणू नका. मी फडातले शब्द उसने घेतले. तुलना केली नाही, निदान करायची नव्हती. आणि लिहून झालं की ज्यांचं दुःख आहे त्यांच्यापैकी कुणाला तरी अर्थ सांगून ऐकवा, कार्यक्रमाच्या आधी. नंतर नव्हे.

कार्यक्रमात शेवटी काकांचंच गाणं झालं, बहुमतानं. खरं सांगायचं तर चाल त्यांचीच सरस होती, लोकांनी ठेका धरला. मला मध्ये दोन ओव्या म्हणायला दिल्या. माइक खरखरत होता. शेजारणीला मी अर्थ आधीच लिहून दिला होता. ती नंतर जवळ आली ते एवढंच विचारायला, की पन्नास सेंट म्हणजे तेव्हा किती दिवसांची मजुरी असेल? मला सांगता आलं नाही.

हो, यमक. ‘शृंखला’शी ‘मेखला’ जुळतं, काकांनी तेच वापरलं होतं, यावरून काय ते ओळखा. माझ्याकडे ‘राहा’ला पाहा, वाहा आणि सहा होते. ‘सहा’ वापरायचा राहून गेला, सोसण्यातला सहा. तुम्ही घ्या.