उठल्यावरचं बघ

अरे,

रविवारी तू गेलास तेव्हा चहा तसाच होता, वर साय धरलेली. तेव्हा बोलले नाही कारण काका समोर होते आणि तुला त्यांच्यासमोर रडू येईल की काय असं वाटलं. म्हणून लिहितेय. लांबलंय, वाच.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं, की धम्मगिरीवर विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस मौनात मन स्वच्छ होतं आणि घरी आलं की सगळं उतरतं, म्हणून आता वेगळी खोली घ्यायची, घरच्यांशी कामापुरतं बोलायचं, नाती म्हणजे शेवटी आसक्तीच. बरं. आणि उतरलं कधी, तर इगतपुरीहून गाडी सुटून कसारा यायच्या आत! बाबांचा फोन आला आणि दहा दिवस न बोललेलं सगळं तू त्यांच्या अंगावर ओतलंस, डब्यातली माणसं वळून बघायला लागली. हे सगळं सांगून वर म्हणालास, बाबांमुळे माझी प्रॅक्टिस बिघडते.

मला हसू आलं, सॉरी. कारण हेच वाक्य मी १९९८ साली माझ्या सासूबाईंबद्दल म्हटलेलं आहे, शब्दाला शब्द.

एकच सांगायचंय, दहा वेळा सांगेन. आसनावर काय झालं ते मला सांगू नकोस. उठल्यावरचं बघ. उठलास, दार उघडलंस, समोर पहिलं माणूस जे आलं त्याच्याशी तू कसा बोललास, तेवढंच बघ. आत बसून झुळझुळ वाहतंय, अंग हलकं झालं, प्रकाश दिसला, ठीक आहे, छान. तिथे तुला डिवचणारं कोण होतं? जेवण आयतं, फोन लॉकरमध्ये, शेजारच्या साधकाशी नजरसुद्धा मिळवायची नाही. मुद्दामच केलेली सोय आहे ती, शिकण्यापुरती. पोहायला शिकताना कमरेला डबा बांधतात तसं. डबा बांधून तरंगलो म्हणून नदी वाईट असं म्हणतोयस तू.

आणि ज्यांच्याकडून हे शिकलास त्यांच्याकडे तरी बघ की. गोएंका गुरुजी संसारी माणूस, व्यापारी. बर्माहून भारतात आले १९६९ ला, ते आई आजारी होती म्हणून, आणि जुलैत मुंबईत पहिलं शिबिर घेतलं त्यात चौदा जण, आणि त्यात स्वतःचे आईवडील! म्हणजे तू ज्यांच्यापासून पळायचं म्हणतोयस त्यांच्यापासूनच तिकडे सुरुवात झाली. त्यांचे गुरू ऊ बा खिन तर सरकारी नोकर, बर्माचे अकाउंटंट जनरल, ऑफिसातल्या लोकांना घेऊन बसायचे. फायली, सही, लोकांची तोंडं, सगळं चालू असताना. (मी बँकेत होते म्हणून मला हे जास्त आवडतं, ते जाऊ दे.)

लग्नाआधी वडिलांबरोबर जे. जे. स्कूलच्या आवारात जे. कृष्णमूर्तींना, त्या तत्त्वचिंतकांना, ऐकायला गेले होते. बरंचसं डोक्यावरून गेलं, पण नातं हा आरसा आहे, त्यात माणूस स्वतःला दिसतो, हे डोक्यात बसलं. आता त्यांच्या स्वतःच्याच जुन्या सहकाऱ्याशी वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली होती हे मी खूप नंतर वाचलं, आणि खरं सांगू, मला बरंच वाटलं. आरसा दाखवणाऱ्यालाही आरसा चुकत नाही.

सासूबाईंचं सांगते. हे काकांनाही नीट माहीत नाहीये.

पहिलं शिबिर करून आले आणि सकाळ-संध्याकाळ तासभर बसायला लागले. दोन खोल्या, सहा माणसं. बेडरूमच्या दारावर चिठ्ठी लावायचे, 'ध्यान चालू आहे'. एका संध्याकाळी सासूबाईंनी दार वाजवलं. दोनदा, हळूच. मी अधिष्ठानाला बसले होते, तासभर हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. मला अगदी अभिमान वाटला की मी हलले नाही, कानावर आवाज आला, गेला, अनित्य, मन ढळलं नाही, म्हणजे समता. बाहेर आले तर त्या मोरीजवळच्या स्टुलावर बसलेल्या, केस मोकळे. खांदा आखडला होता त्यांचा, हात मागे जात नव्हता, अंबाडा बांधून हवा होता, विठ्ठलाच्या देवळात कीर्तनाला जायचं होतं. मी म्हटलं या बांधते. त्या म्हणाल्या राहू दे गं, आज नाही जात.

त्यानंतर त्यांनी माझं दार कधी वाजवलं नाही. पुढची सहा वर्षं त्यांचा अंबाडा शेजारच्या वहिनींनी बांधला. रोज. मी आत समता साधत होते.

आता तू म्हणशील, काकू, मग तुम्ही बसणं चूक होतं का. नाही. अजिबात नाही! तो तास मला लागत होता, ७:५२ ची लोकल, कॅश काउंटर, घरी येऊन सहा जणांचा स्वयंपाक, तो तास नसता तर मी भांडी फेकली असती, आणि कोणी बाई घरात दार लावून बसली की सगळ्यांना ते खुपतं, पुरुष बसला की त्याला साधना म्हणतात, हेही आहेच. बसण्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. फक्त उठल्यावर मी बघितलं नाही. ती बाई केस मोकळे सोडून बसलेली दिसत होती आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर आता माझी शांतता मोडणार. हे जर त्याच क्षणी पकडलं असतं ना, तर दहा शिबिरांचं काम झालं असतं.

आपल्याकडे मुक्ताईची गोष्ट आहेच. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून उघड म्हणून विनवते. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण आत कोण बसलं होतं याचा विचार मी कधी केलाच नव्हता. ध्यानात कमी पडणारा माणूस नव्हता तो! तरी बहिणीला यावं लागलं. आणि त्यांच्या वडिलांचं तर माहितीये, बायकोला सोडून काशीला संन्यास घेतला आणि गुरूनेच परत घरी पाठवलं.

घरात मारहाण, दारू असलं काही असतं तर मीच म्हटलं असतं, बॅग भर आणि निघ. तुझ्याकडे तसलं काही नाहीये. तुझे बाबा फक्त कटकटे आहेत.

आता काय करायचं ते विचारलंस. काका जेव्हा म्हणतात ना 'परत तेच?', तेव्हा माझे कान गरम होतात आणि घशात काहीतरी आवळतं. पूर्वी हे मला भांडण संपल्यावर कळायचं. आता तोंड उघडायच्या आधी कळतं, अर्धा सेकंद आधी. इतक्या वर्षांची कमाई एवढीच, अर्धा सेकंद, आणि तोही दर वेळी मिळत नाही, परवाच नाही मिळाला. श्वास बघायला शिकलास तो याच्यासाठी. बाबांचा नंबर स्क्रीनवर आला की छातीत काय होतं ते बघ, मग उचल. चिडलास तर चिडलास, पण बघ. शांत आवाज काढून 'मी समतेत आहे' असं दाखवू नकोस, त्यांना ते लगेच कळतं आणि ते ओरडण्यापेक्षा जास्त लागतं. सासूबाईंशी मी तसंच बोलायचे.

आणि तो फोन कशाबद्दल होता हे तू रविवारी अगदी शेवटी, चपला घालताना सांगितलंस. सिलिंडरवाला दोनदा परत गेला, कारण कोड तुझ्या मोबाईलवर येतो आणि मोबाईल दहा दिवस लॉकरमध्ये. दोघं म्हातारी माणसं शेवटचे चार दिवस इंडक्शनवर खिचडी करून खात होती, आणि त्यातला एकही दिवस त्यांनी ऑफिसला फोन करून तुला बोलवायला लावलं नाही.

खोली घ्यायची तर घे. पण त्याआधी गॅसचा नंबर बाबांच्या मोबाईलवर करून दे. नुसतं सांगू नकोस, एजन्सीत त्यांना घेऊन जा, रांग असते, तासभर तरी जाईल.

काकू