बाबांचा आवाज, १ लाख ८५ हजारांचं मशीन आणि एससीएसएस मोडायचं का?

नमस्कार ताई. तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात: ताईंचे बाबा ६८ वर्षांचे, पार्किन्सन्स आहे, एसटी स्टँडसमोर हार्डवेअरचं दुकान. आवाज इतका बारीक आणि अडखळता झालाय की ट्रॅफिकमध्ये गिऱ्हाईकाला काही कळत नाही. ते "साठ" म्हणतात, समोरचा "आठ" ऐकतो आणि दहाची नोट पुढे करतो. त्यामुळे बाबा आता गल्ल्यावर बसायलाच नको म्हणतात. एका विक्रेत्याने परदेशी मशीन सुचवलंय, गालाशी माइक, कमरेला स्पीकर, गर्दीत आवाज "क्लिअर" करतं. किंमत १ लाख ८५ हजार, दुसऱ्या वर्षापासून १८ हजार सबस्क्रिप्शन. आणि पैशांसाठी बाबांचं पोस्टातलं १५ लाखांचं सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीमचं (एससीएसएस) खातं मोडायचा विचार चाललाय.

आधी खात्याचं सांगतो, कारण ते सोपंय. मोडू नका. या स्कीममधून थोडे पैसे काढता येत नाहीत, काढायचे तर अख्खं खातं बंद करावं लागतं. तुमचं खातं १४ महिन्यांचं आहे म्हणजे मुद्दलातून दीड टक्का कापणार, १५ लाखांवर २२,५०० रुपये. पावणेदोन-दोन लाखांसाठी साडेबावीस हजार पोस्टाच्या काउंटरवर ठेवून यायचे? त्यापेक्षा ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ३०,७५० व्याज येतंय ना, ते सध्या घरखर्चात लागत नाही असं तुम्हीच लिहिलंय, मग तेच वापरू. मशीनचा पाच वर्षांचा हिशोबही मांडून बघा, १,८५,००० अधिक चार वर्षांचे ७२,००० म्हणजे २ लाख ५७ हजार. विक्रेता हा आकडा कधीच सांगत नाही, तो फक्त पहिला आकडा सांगतो.

आता मशीनचं. मी काही ऑडिओ इंजिनिअर नाही, पण एका क्लायंटच्या घरी हाच प्रश्न आला होता तेव्हा एका स्पीच थेरपिस्ट बाईंनी मला नीट समजावलं होतं. आवाज नुसता मोठा केला की आ, ओ असे स्वर मोठे होतात, पण शब्द ओळखू येतो तो स, श, च, ट असल्या व्यंजनांवरून, आणि ती असतात मुळातच बारीक, गोंगाटात आधी तीच बुडतात. चांगलं प्रोसेसिंग काय करतं, तर वरच्या फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे ही व्यंजनं असतात तो भाग उचलतं आणि मोठ्या-लहान आवाजातलं अंतर कमी करतं म्हणजे शब्दाचं शेपूटसुद्धा ऐकू येतं. हे खरंच उपयोगी आहे, थाप नाही. पण जो "स" जिभेने नीट निघालाच नाही तो मशीन आणणार कुठून? दुसरं म्हणजे माइकला बाबांबरोबर एसटीचा हॉर्नही ऐकू येतो, आणि हा गोंगाट कापायला जाताना कधीकधी मशीन बाबांचा श्वासासारखा हलका आवाजच गोंगाट समजून कापू शकतं. विक्रेत्याने डेमो एसी केबिनमध्ये, दार लावून दिला असं तुम्ही लिहिलंय. तिथे तर माझ्या आजोबांचाही आवाज क्लिअर आला असता. आणि "एआय" म्हणाला असेल तर मराठीत चालवून दाखवा म्हणा. गूगलने असंच अडखळतं बोलणं कॉम्प्युटरला कळावं म्हणून २०१९ मध्ये प्रोजेक्ट युफोनिया सुरू केलं तेही इंग्रजीपासूनच.

पार्किन्सन्समध्ये एक गंमत असते (गंमत कसली म्हणा), माणसाला वाटतं आपण ओरडतोय आणि बाहेर पुटपुटणं येतं. म्हणून मी पहिला खर्च थेरपीवर करेन. एलएसव्हीटी लाउड नावाची मोठ्याने बोलायचा सराव करून घेणारी पद्धत आहे, आठवड्यात ४ दिवस, ४ आठवडे, एकूण १६ सेशन. एका सेशनला हजार धरले तरी १६ हजार. मुंबईला येणं जमत असेल तर वांद्र्याची बोलण्या-ऐकण्याच्या त्रासांसाठीची अली यावर जंग संस्था सरकारी आहे, तिथे तपासणी करून घ्या. सोबत शाळेतल्या मॅडम गळ्यात अडकवतात तो दोन-अडीच हजारांचा माइक-स्पीकर घ्या. पहिल्या दिवशी शिट्टी मारेल, माइक ओठांच्या कडेला आणि स्पीकर गिऱ्हाईकाच्या बाजूला ठेवला की थांबते.

मग परीक्षा. २० चिठ्ठ्या करा, "साठ", "आठ", "पाऊण इंची", "पाव इंची", असलं. संध्याकाळी सहाला, रस्ता भरलेला असताना बाबांनी वाचायचं आणि शेजारच्या दुकानातल्या पोराने बाबांकडे न बघता लिहायचं. तुम्ही नाही, तुमच्या कानाला त्यांची सवय झालीय. नुसतं, स्वस्त माइक, महागडं मशीन, तिन्ही वेगवेगळ्या दिवशी, चिठ्ठ्यांचा क्रम बदलून, पण गोळी घेतल्यावर तेवढ्याच वेळाने, नाहीतर फरक औषधाचा आणि श्रेय मशीनला. अडीच हजारवाल्यात १४ बरोबर आणि १ लाख ८५ हजारवाल्यात १५, तर विषय संपला. १४ आणि १९ आले तर मी स्वतः म्हणेन घ्या, कारण मग बाबा गल्ल्यावर परत बसतील आणि तुम्ही त्यांच्या जागी ठेवलेल्या पोराचा महिन्याचा ९ हजार पगार वाचेल. दोन वर्षांत किंमत निघते. विक्रेता आठवडाभर दुकानात ट्रायल द्यायला तयार नसेल तर घेऊच नका.

टॅक्समध्ये सूट मिळते असं तो म्हणाला, ते अर्धवट आहे. इन्कम टॅक्सचं जे कलम ८०डीडीबी म्हणून आपण ओळखतो त्यात पार्किन्सन्स येतो, ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत, पण जुन्या कर प्रणालीत, न्यूरॉलॉजिस्टचं लिहून हवं, अपंगत्व किमान ४० टक्के हवं आणि ते उपचारांच्या खर्चासाठी आहे. मशीनचं बिल त्यात बसतं असं सीए लेखी सांगत नाही तोवर हिशोबात धरू नका.

पुढचं व्याज कधी जमा होतंय तेवढं कळवा, थेरपीची तारीख त्यावरून ठरवू.