पहिल्यांदाच २१ डिसेंबर पाळणार असशील तर

फार तयारी करू नकोस. हा वर्षातला सर्वांत लहान दिवस; सूर्य दक्षिणेचं टोक गाठून पुन्हा उत्तरेकडे वळतो तो. अंगणात तुळशीवृंदावनाजवळ, जिथे भरदुपारी ऊन पोचतं अशा जागी, मीटरभर उंचीची काठी सरळ उभी रोव. ओळंबा लावून बघ, काठी कलली तर सगळं फसतं. घड्याळात बारा वाजले म्हणून मोजायला जाऊ नकोस. गोव्यात सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो साडेबाराच्या जरा नंतर. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण कर. सर्वांत आखूड सावली साधारण ८० सेंटिमीटर भरेल, आणि ती बरोबर उत्तरेला असेल. तिथे एक चिरा बसव. जूनमध्ये, ढगांनी जागा दिली तर, त्याच काठीची सावली जेमतेम १४ सेंटिमीटर असते आणि तीही दक्षिणेला! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ तिथेच उभी होते.

संध्याकाळी मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावर जा. सूर्य पश्चिमेपासून जवळजवळ २४ अंश दक्षिणेला बुडतो, त्याहून पुढे सरकत नाही. मुलांना सोबत ने.

रात्री विजेचे दिवे मालवून समई लाव, खतखतं (मिसळीच्या भाज्यांची गोव्याची आमटी) कर, शेजाऱ्यांना बोलाव. कुणी विचारेल, उत्तरायण तर संक्रांतीला ना? त्यांना सांग, आकाशातलं उत्तरायण आजपासूनच. पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलतो, म्हणून एकेकाळी याच सुमारास येणारी संक्रांत आता जानेवारीत येते. तिळगूळ तेव्हाच वाट.