शिवाजी पेठेतल्या जुन्या घरातल्या पाळणाघरात खिडक्यांचा रंग सुटतोय. दीड वर्षाच्या मुलीला पाठवू का?

त्या खोलीत सध्या नको. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासूनच लागू झाली. रांगती मुलं जमिनीवरची धूळ हातांवाटे पोटात घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, पोटात गेलेलं शिसं मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं आणि त्याची सुरक्षित पातळी नाहीच. मेंदूवर परिणाम होतो, तोही बाहेरून काही न दिसता. पाळणाघरवाल्या ताईंना स्पष्ट सांगा: कोरडं घासायचं नाही, पोपडे ओले करून काढायचे, मुलं तेव्हा घरात नकोत, नंतर फरशी ओल्या फडक्याने पुसायची. नुसत्या चुन्याच्या भिंतीची एवढी भीती नाही. खिडक्या, दारं, गज यांचा रंग मात्र तपासून घ्यावा, नजरेने शिसं कळत नाही.